कॅमेऱ्याला घातलेला हार

ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे — आणि खरं म्हणाल तर एकदाही सांगितलेली नाही. म्हणजे काय? म्हणजे असं, की आमच्या कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला, कॅमेरे घ्यावेत की नाही अशा विचारात पडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा मी मसाला मार्केटातल्या वेलचीच्या पोत्याची गोष्ट रंगवून सांगते. लोक पोट धरून हसतात. गोष्ट खरी आहे. पोतं खरं, टेप खरी, माझी हुशारी तर अगदी बावनकशी खरी. फक्त एक वाक्य मी दर वेळी बदलते. ते मुळात कसं होतं, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगणार आहे. पण जरा दमानं घ्या, मला ते एकदम जमणार नाही.

माझं नाव कुंदा. माहेर पाटण खोऱ्यातलं, सासर म्हणजे नेरूळचा दोन खोल्यांचा फ्लॅट. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स मी लग्नाआधी केला होता. आमच्या वर्गात मी एकटी मुलगी, आणि सोल्डरिंगमध्ये पहिली — हे मी सांगणारच, त्यात लाजायचं काय? नवरा महाप्याला एका कारखान्यात होता. तो कामावर गेला की मी घरात सोसायटीतल्या लोकांचे टीव्ही उघडून बसायची. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं ती. वाशीत दुकानं वाढत होती, दुकानांबरोबर चोऱ्याही वाढत होत्या, आणि कॅमेरा नावाची वस्तू लोकांना नुकती ऐकून माहीत होऊ लागली होती. मुंबईहून एक व्यापारी जुनी-नवी यंत्रं आणून विकायचा. त्याच्याकडून मी एक घेतलं, घरी खोललं, जोडलं, परत खोललं. आठवड्याभरात मला कळलं की हे आपल्याला येतं.

आणि येत होतं हो! लोक मोठा कॅमेरा मागायचे. जितका मोठा तितका चोर घाबरेल, असा हिशेब. मी त्यांना सांगायची, कॅमेरा किती मोठा हे बघू नका, काय बघायचंय ते आधी ठरवा. सगळं दुकान दिसावं म्हणून रुंद भिंग लावलंत, तर दुकान दिसेल आणि माणसाचं तोंड वाटाण्याएवढं दिसेल. चेहरा हवा असेल तर दारावर रोखलेलं अरुंद भिंग घ्या. कॅमेऱ्याचं तोंड उजेडाकडे करू नका, नाहीतर दारातून येणारा प्रत्येक जण नुसती काळी सावली होऊन येईल. आणि शेवटचा नियम, माझा स्वतःचा, आजही प्रत्येकाला पाठ करायला लावते तो — कॅमेऱ्याला हात लावला की खाली उतरायचं आणि आधी पडद्यावर चित्र बघायचं. कितीही साधा हात लागलेला असो. चित्र बघितल्याशिवाय घरी जायचं नाही.

हा नियम लक्षात ठेवा.

मसाला मार्केटातले एक कच्छी शेठ माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्यांचा गाळा म्हणजे पुढे गादी, बाजूला काचेची केबिन, मागे पोत्यांची थप्पी आणि पाठीमागे माल चढवायचं शटर. मी दोन कॅमेरे लावले, एक गादीवर आणि एक मागच्या शटरवर. केबिनमध्ये छोटा टीव्ही आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एका कॅसेटवर पुरा दिवस मावेल अशा संथ गतीनं फिरणारा रेकॉर्डर. प्रत्येक वाराची एक कॅसेट. पुढच्या आठवड्यात तोच वार आला की त्याच कॅसेटवर नवं चित्र चढायचं आणि जुनं पुसलं जायचं.

मागच्या कॅमेऱ्यानं मला रडवलं. चित्रात एक काळा पट्टा खालून वर सरकायचा, थांबायचाच नाही. कॅमेरा बदलला, तार बदलली, टीव्ही बदलला. मेहताजी — शेठचे हिशेबनीस — चष्म्यावरून माझ्याकडे बघत, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असंच त्यांना वाटत असणार. मग एके दुपारी पोत्यावर बसून डबा खाताना डोक्यात लख्ख पडलं. कॅमेऱ्याला वीज मागच्या मीटरवरून येते आणि टीव्हीला पुढच्या! दोन्हीकडची वीज वेगळी, अर्थिंग वेगळं, आणि त्यांचं भांडण माझ्या चित्रात चाललंय. केबिनमधूनच वायर ओढून कॅमेऱ्याला वीज दिली. पट्टा गेला. चित्र असं काचेसारखं उभं राहिलं की मी चक्क टाळी वाजवली. त्या दिवसापासून शेठ मला कुंदाबेन म्हणू लागले आणि गल्लीतले बाकीचे व्यापारी येऊन माझं चित्र बघून जाऊ लागले. चार-पाच जण तर दिवाळीनंतर आमच्याकडेही लावा, असं बोलून गेले होते.

ती वायर ओढताना शिडी धरायला जो माणूस होता, तो सर्जेराव. शेठच्या गाळ्यावर माल उचलणाऱ्या टोळीतला. तळवलीला खोली घेऊन राहायचा. माझ्याच खोऱ्यातला निघाला, आमच्या नदीच्या पलीकडच्या गावचा. मग काय, मी कुंदाताई आणि तो सर्जेरावदादा. वयानं माझ्याहून पुष्कळ मोठा, पण माहेरच्या बाजूची लेक म्हणून मला ताईच म्हणायचा. मी साडी नेसून शिडीवर चढायची. त्या काळी तीच नेसत होते. आणि दादा शिडी धरायचा ती तोंड भिंतीकडे वळवून. मी एकदा म्हटलं, दादा, वर लक्ष ठेवा, पडले तर? तर म्हणाला, "शिडी धरनाऱ्यानं वर बगायचं नसतं, ताई. पडला तर झेलीन की."

आता खंडेनवमीकडे येते. आपल्याकडे त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या हत्याराची पूजा करतो, हे तुम्हाला सांगायला नको. मसाला मार्केटात तर त्या दिवशी बघण्यासारखं असतं. ताजवा, मापं, हमालांचे आकडे, मेहताजींची लेखणी — सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती. शेठ मला आदल्या दिवशी म्हणाले की तुमच्या मशीनला पण सुट्टी द्या. मी म्हटलं, शेठ, राखणदाराला सुट्टी देतात का? शेवटी तडजोड अशी झाली की टीव्ही बंद, त्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पण रेकॉर्डर चालू. मागच्या बाजूला दोन पोती शेजारी ठेवून, वर फळी टाकून, लाल कापड पसरून पूजेची बैठक केली होती. टोळीनं सगळीकडे तोरणं बांधली. आणि मागच्या कॅमेऱ्यालाही एक हार पडला.

कोणी घातला? थांबा. सांगते.

दसरा झाला, मार्केट सुरू झालं, एक खरेदीदार वेलची बघायला आला आणि एक पोतं कमी भरलं. उत्तम हिरवी वेलची. त्याची किंमत सांगायला नकोच, आणि शेठचा संताप तर सांगताच येणार नाही. मला बोलावणं आलं. मी ऐटीत गेले. म्हटलं, आता बघा माझ्या मशीनची कमाल! मागच्या कॅमेऱ्याची खंडेनवमीची कॅसेट लावली. आणि पडद्यावर काय? काळं. कडेला थोडा उजेड, बाकी सगळा एक मोठा काळा डाग. मी वर कॅमेऱ्याकडे बघितलं. सुकत आलेला झेंडूचा हार, आणि त्यातलं आंब्याचं पान बरोब्बर भिंगावर.

केबिनमध्ये शेठ, मेहताजी, टोळीचे दोघे-तिघे. दारात सर्जेरावदादा. शेठनी विचारलं, "कुंदाबेन, हा हार कोणी टाकला कॅमेऱ्यावर?"

हार मी घातला होता.

झालं. बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे? हार मी घातला होता. खंडेनवमीला सकाळी मी घरी माझ्या पकडीची, मीटरची, सोल्डरिंगच्या सुईची पूजा केली. मग मनात आलं की माझा पहिला मोठा कॅमेरा तिकडे बिनहाराचा राहील. इतका जीव होता माझा त्यावर. सोसायटीतल्या आंब्याची पानं तोडली, झेंडू ओवला, आणि हाताशी दोरा नव्हता म्हणून ओवला तो माझ्या कामाच्या बारीक लाल तारेत. महाप्याच्या एका कामावर जायच्या आधी, शेठ यायच्या कितीतरी आधी, मी गाळ्यावर गेले. तिथे एकटा सर्जेरावदादा होता. त्यानं शिडी आणली, धरली, तोंड भिंतीकडे केलं. मी चढले, हार घातला, हात जोडले, उतरले. आणि चित्र न बघता निघून गेले! टीव्ही बंद होता, काचेवर आदल्या दिवशीच काढलेलं स्वस्तिक होतं, महाप्याची गडबड होती... जाऊ द्या. नियम माझा होता आणि मी मोडला होता.

पण हे नाही माझं कबूल करायचं. चूक कोणाचीही होते. पुढचं ऐका.

शेठनी विचारलं तेव्हा "मी" एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर! माझं तोंड उघडलंही होतं. आणि त्या तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं — दिवाळीनंतर कॅमेरे लावणार म्हणालेले व्यापारी, मेहताजींचा चष्मा, बाई कॅमेरा लावते आणि स्वतःच झाकून ठेवते असं गल्लीभर होणारं हसू. आणि मी म्हणाले, "मी तर आधीच बजावलं होतं शेठ, टोळीवाल्यांना कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका म्हणून."

यात एक शब्दही खोटा नव्हता, माहीत आहे? खरोखरच बजावलं होतं मी, पहिल्या दिवशी. पण सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मेहताजी म्हणाले, त्या दिवशी मी आलो तेव्हा मागे शिडी लावलेली होती आणि हा शेजारी होता. शेठनी सर्जेरावदादाला विचारलं, शिडी कोणी लावली. दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो. रस्ता ओलांडताना लहान पोराकडे बघतात तसं, ये म्हणून. वाट बघत होता. मी कॅसेटचं बटण दाबत बसले.

"शिडी मीच आनली हुती, शेठ," तो म्हणाला.

त्याचंही वाक्य खरंच. दोन खऱ्या वाक्यांतून आम्ही दोघांनी मिळून एक अख्खं खोटं उभं केलं — मी माझ्यासाठी, आणि तोही माझ्यासाठीच. कॅमेरा झाकला, पोतं उचललं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पोलिसांकडे जाऊ नका, आम्ही आमचं बघतो, म्हणून टोळीनं शेठला थांबवलं. आणि नाव साफ होईपर्यंत सर्जेरावनं कामावर यायचं नाही, असं टोळीनंच ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. लोक पांगल्यावर मी शिडी लावली, हार काढला आणि कोणाला तार दिसायच्या आत माझ्या पिशवीत कोंबला. टोळीवाले ओवतात सुतळीत. तार कोण वापरतं, हे सांगायला शेंबडं पोरही पुरलं असतं. त्या वेळी शिडी धरायला कोणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी दादाची बायको, पारूवहिनी, तळवलीहून पत्ता विचारत विचारत नेरूळला माझ्या दारात आली. आत यायलाच तयार नव्हती. मी हाताला धरून बसवलं. चहा दिला, तो तिनं तसाच ठेवला. म्हणाली, "ताई, मशीन खोटं बोलत न्हाई म्हंत्यात. मग आमच्या मानसाचं काय बोललंय वो ते?" दादा जेवत नव्हता, खोलीबाहेर पडत नव्हता. टोळीत नाव गेलं म्हणजे गावाकडे तोंड दाखवायचं कसं, हा तिचा प्रश्न. त्यानं घरी काय सांगितलं होतं? काही नाही. माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर ती माझ्याकडे मदत मागायला आली असती का?

मी म्हटलं, बघते, वहिनी. आणि ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. खूप रडले. पण रडून शेठकडे जाऊन खरं सांगितलं का? नाही. मी दुसरं केलं. मी ठरवलं की चोर शोधून काढायचा. म्हणजे दादाही सुटेल आणि मीही.

आणि आता गोष्टीतला तो भाग येतो, जो मी एवढ्या तोऱ्यात सांगते. आजही सांगताना माझा आवाज चढतो, त्याला मी काय करू?

सगळ्यांनी बघितली होती फक्त खंडेनवमीची कॅसेट. झाकलं त्या दिवशी चोरी, असं गणित आपसूक मांडलं होतं. साप म्हणून भुई धोपटत होते सगळे. मी मात्र हार हातात घेऊन बघत बसले होते. आंब्याचं पान ताजं असताना सपाट असतं. सुकलं की? वळतं! कडेनं आत वळत जातं, पुंगळीसारखं. म्हणजे खंडेनवमीला झाकलेलं भिंग दसऱ्याला थोडं उघडलं असणार, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. मी ताडकन उठले. कारण दसऱ्याचा जो वार, तो उद्याच परत येणार होता. उद्या गाळा उघडला की ती कॅसेट यंत्रात जाणार आणि त्यावर नवं चित्र चढणार.

रिक्षा करून मार्केट गाठलं. केबिनमध्ये बसले. शेठ म्हणाले, काळ्यात काय बघता कुंदाबेन? मी दसऱ्याची कॅसेट लावली. सकाळी काळोख. दुपारनंतर मधोमध एक चीर, दाराच्या फटीसारखी. त्या फटीत लाल कापडाची बैठक, आमच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात करड्या रंगाची. मग दुसऱ्या दिवसाची कॅसेट. फट रुंद झालेली. बैठक जागेवर. माणसांचे पाय येतात, जातात. मी डोळे न मिटता बघत होते. आणि मग फटीत एक हातगाडी आली. दोघांनी बैठक लाल कापडासकट, फळीसकट, पोत्यांसकट हातगाडीवर ओढून घेतली. आणि कडेनं एक हात आला. इकडून न्या, शटरकडून न्या, असं दाखवणारा हात. त्या हातात घड्याळ होतं. उजव्या हातात.

मी टेप तिथेच थांबवली आणि सगळ्यांना बोलवा म्हटलं. मेहताजी आले, टोळीचे लोक आले, आजूबाजूचे व्यापारी काचेला नाक लावून उभे राहिले. मी पुन्हा चालवली. हातगाडी आली, बैठक गेली, हात आला. केबिनमध्ये एकेक मान हळूहळू वळली, आणि सगळे शेठच्या उजव्या मनगटाकडे बघू लागले. पुऱ्या गल्लीत उजव्या हातात घड्याळ बांधणारा एकच माणूस होता. शेठनीही स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा मनगटाकडे.

शेजारच्या गाळ्यावर सत्यनारायण होता. तयार बैठक आहे तर घेऊन जा, असं शेठनीच औदार्यानं सांगितलं होतं. फळी आणि कापड दिल्याचं त्यांना आठवत होतं, कापडाखाली काय आहे ते ठाऊक नव्हतं. बैठक मांडताना घाईत मेहताजींनीच, उचलायला हलकं म्हणून, एका बाजूला रिकाम्या बारदानाचं आणि दुसऱ्या बाजूला वेलचीचं पोतं लावून घेतलं होतं. सगळी वरात शेजारच्या गाळ्यात धावली. लाल कापड उचललं. शेठच्या मार्क्याचं पोतं शांतपणे बसलेलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारचे व्यापारी म्हणाले, यंदा पूजेला कसला सुंदर वास सुटला होता, आम्हाला वाटलं प्रसादाचाच. हसून हसून माणसं पोत्यांवर लोळली. मेहताजी चष्मा पुसत होते तो पुसतच राहिले.

काय दिवस होता तो! टोळीतला एक जण टेम्पो घेऊन तळवलीला गेला आणि दादाला आणि पारूवहिनीला घेऊन आला. कुठूनशी हलगी आली. टोळीनं दादाला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला, शेठनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. मोठ्या मनाचा माणूस, चूक मोठ्यांदा कबूल केली त्यानं. त्याला जमलं ते. मग मला पुढे ओढलं. पारूवहिनीनं माझी ओटी भरली, नारळ दिला, आणि माझ्या पायांकडे वाकली. मी तिला मध्येच धरलं. एक म्हातारा हमाल म्हणाला, खोऱ्याची लेक हाय, खोऱ्याचं नाव राखलं. मी हसत होते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? मी जिंकले होते.

हार कोणी घातला, हे मात्र आता कोणी विचारत नव्हतं. चोरीच नव्हती, तर हाराचं काय? फक्त शेवटी शेठ पेढे वाटताना गमतीनं म्हणाले, "सर्जेराव, पुढच्या वर्षी कॅमेऱ्याला लांबूनच नमस्कार हां." सगळे हसले. दादा माझ्या समोरच उभा होता, फेट्यावर गुलाल. एका शब्दापुरता अजूनही वेळ होता. आता तर सांगण्यात धोकाही नव्हता. लोक हसले असते आणि विसरले असते.

दादानं हात जोडले. म्हणाला, "चुकी झाली, शेठ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओटीत नारळ होता, म्हणून मी वाजवली नाही.

त्यानंतर माझी घोडदौड कोणी अडवू शकलं नाही. गल्लीतल्या निम्म्या गाळ्यांवर माझे कॅमेरे लागले. मग वाशीतली दुकानं, बेलापूरची ऑफिसं, महाप्याचे कारखाने, पुढे करंजाड्याच्या नव्या इमारती. माझं स्वतःचं दुकान झालं. आज माझ्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली कुठे कुठे पसरली आहेत. आणि त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी नियम शिकवते — हात लावला की चित्र बघा — आणि नियम ठसावा म्हणून गोष्ट सांगते. "एका हमालानं भाबडेपणानं कॅमेऱ्याला हार घातला..." हेच ते वाक्य. शेकडो वेळा. भाबडेपणानं, हा शब्द मी स्वतः शोधून काढला आहे. तिथे हमखास हशा येतो.

आणि दरवर्षी दसऱ्याला, सोनं लुटायच्या वेळी, आमच्या दारात पहिला माणूस असतो तो सर्जेरावदादा. काम सुटलं, केस पांढरे झाले, पारूवहिनी गेली, तरी आपट्याची पानं घेऊन येतो. आधी मला देतो, मग देवाला. चहा घेतो, जातो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीही बोललो नाही. त्यानं नाही आणि मीही नाही.

गेल्या दसऱ्याला दुकानातली नवी मुलं घरी आली होती. त्यांना मी गोष्ट सांगत होते, अगदी रंगात आले होते, आणि "एका हमालानं" म्हणताना दारात पाहिलं तर दादा उभा. कधी आला, किती ऐकलं, कळलं नाही. मुलं हसत होती. तोही हसला त्यांच्याबरोबर. आत येऊन माझ्या हातात सोनं ठेवलं, खुर्चीवर टेकला, आणि मुलांकडे बघत म्हणाला, "ताई, तुमची शिडी कोन धरतं आता?"

मी म्हटलं, आहेत ही मुलं.

"बरं हाय," म्हणाला. चहा संपवला आणि गेला.

मुलांना मी त्यानंतर पुन्हा बोलावून काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. ते वाक्य असं आहे: हार मी घातला होता. शिडी सर्जेरावदादानं धरली होती, आणि त्यानं वर बघितलं नव्हतं.